तळ्याच्या काठाला खायला घालू नका

बाई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर शाळांनाही उत्तराचा उपयोग होईल. मुंबईच्या किनाऱ्यावर, मनोरीच्या बाजूला तुमच्या शाळेमागे एक उथळ तळं आहे. जमीन वाळूची. पावसाळ्यात पाणी कुंपणापर्यंत चढतं, दिवाळीनंतर मागे सरकायला लागतं आणि एप्रिलमध्ये मधोमध डबकं उरतं. काठ ‘ओसाड आणि भुकेला’ दिसतो, असं तुम्ही लिहिलंत. एका मंडळाने दोन ट्रक लाल माती, एक ट्रक शेणखत आणि कर्दळ, वाळा, सुरू यांची रोपं देऊ केली आहेत, शिवाय दगडी काठही बांधून द्यायची तयारी दाखवली आहे. तेव्हा काठावर नेमकं काय लावावं, हा तुमचा प्रश्न. आणि नववीतल्या एका मुलीने अमेरिकेतल्या वाळूच्या तळ्यांकाठच्या दुर्मीळ फुलांबद्दल वाचलंय. आपल्याकडे तसं काही असतं का, हा तिचा प्रश्न.

आधी ट्रकचं सांगतो. ते येऊ देऊ नका. काठावर काहीच लावायला नको, कारण तो रिकामा नाहीच. आणि त्या मुलीला सांगा, ती ज्यांच्याबद्दल वाचते आहे त्यांचे भाऊबंद तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच आहेत.

दुसरा फोटो मोठा करून बघा. मुलाच्या चपलेशेजारी बारीक काडीवर टोचल्यासारखी, शर्टाच्या बटणाहून लहान पांढरी बोंडं दिसतात ना? तो गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन. त्याच्या उजवीकडे ओल्या वाळूत निळसर-जांभळा पुंजका आहे, ती सीतेची आसवं, युट्रिक्युलेरिया. चौथ्या फोटोत तुम्ही ज्याला ‘लालसर शेवाळ’ म्हटलंत त्याच्या पानांवर केस आहेत आणि केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब. तो दवबिंदू, ड्रॉसेरा. सकाळच्या उन्हात मुलांना भिंग देऊन ओणवं व्हायला सांगा, थेंबांना चिकटलेली चिलटं त्यांना स्वतःच सापडतील. बाकी फोटोंत लव्हाळ्याच्या कुळातले दोन-तीन बारीक प्रकार आहेत, नीरब्राह्मीची गादी आहे आणि वरच्या कोरड्या पट्ट्यात विष्णुक्रांता. तीस वर्षं मी मुंबई, ठाणे, पालघरच्या पाणथळ जागा पायी हिंडतो आहे. उपनगरांत असा काठ आता सहजी भेटत नाही. तुमचे फोटो पाहून मी त्या संध्याकाळी दुसरं काही काम केलं नाही.

आता ‘भुकेला’ या शब्दाकडे येतो. शब्द अगदी बरोबर आहे. काठ भुकेला आहे म्हणूनच ही मंडळी तिथे आहेत. वाळूत चिकणमाती आणि कुजलेला पाला नसल्यासारखाच, त्यामुळे नत्र, स्फुरद, पालाश ही झाडांची अन्नद्रव्यं धरून ठेवायला काही नाही. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात जे काही थोडं साठतं ते आषाढातच धुऊन जातं. त्यात वारा सुटला की तळ्याच्या लहानशा लाटाही काठावरचा गाळ उचलून खोल पाण्यात नेतात, वाळू मागे राहते. म्हणून एकाच तळ्याचा वाऱ्याच्या तोंडचा काठ स्वच्छ वाळूचा असतो आणि आडोशाचा कोपरा गाळाचा. तुमचा पहिला फोटो हेच दाखवतो. नैर्ऋत्येचा वारा आपटतो तिकडे गेंद आहेत, आणि भिंतीच्या आडोशाला रामबाण ही उंच पाणवनस्पती दाटलीय.

रामबाण दोन मीटर उंच, गेंद चार बोटं. गेंदाला सावली सोसत नाही. जमीन सुपीक असती तर रामबाण, बेशरम आणि उंच गवतं एका पावसाळ्यात सगळा काठ झाकून टाकती आणि खालची बुटकी झाडं उजेडावाचून मरती. पण उंच खोड उभं करायला भरपूर अन्न लागतं, आणि ते या वाळूत नाही. इथे थोडक्यात भागवणारा, सावकाश वाढणारा टिकतो. दवबिंदू आणि सीतेच्या आसवांनी तर नत्रासाठी जमिनीवर विसंबणं बरंच कमी केलंय, ती ते बारीक जीव पकडून, पचवून मिळवतात. सीतेच्या आसवांना खरी मुळं नसतात. ओल्या वाळूत पसरलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे, कधी त्याहूनही लहान फुगे असतात. फुग्याच्या दाराशी एखादा सूक्ष्म जीव घासला की तो एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात आत ओढला जातो. वनस्पतींच्या अतिशय वेगवान हालचालींत तिची गणना होते आणि ती तुमच्या शाळेच्या कुंपणामागे दिवसभर चालू असते.

दुसरी गोष्ट पाण्याची चढउतार. पाणी कायम भरलेलं राहिलं तर काठ उरत नाही, आणि कायम आटलेलं राहिलं तर त्यावर घाणेरी आणि झुडपं चढतात. दर वर्षी काही महिने बुडणं आणि काही महिने उघडं पडणं, या दोन्हींमुळे झुडपांना पाय रोवता येत नाही. पाणी जसं मागे सरकतं तशी नवी पट्टी उघडी होते आणि प्रत्येक पट्टीचे पाहुणे वेगळे. भाद्रपदात वरच्या चिंब वाळूत गेंद, दवबिंदू आणि आसवं. त्याखाली, कार्तिकात उघड्या पडणाऱ्या पट्टीत लिंडर्निया, जलपिंपळी आणि बारीक लव्हाळे. जिथे थोडा गाळ आहे तिथे थंडीत गोरखमुंडी. आपल्याकडची ही झाडं बहुतेक हंगामी आहेत. चार-सहा महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात. उरलेलं वर्ष त्यांचा सगळा संसार वाळूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बियांच्या रूपात असतो. एप्रिलमध्ये तुम्हाला ओसाड दिसलेला काठ म्हणजे हे बियांचं कोठार. त्यावर दोन ट्रक माती टाकणं म्हणजे कोठाराचं दार बुजवणं. यातल्या अनेक बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, फूटभर मातीखालून त्या वर येऊ शकत नाहीत.

आता त्या मुलीच्या अमेरिकेकडे. तिने वाचलंय ते बहुधा मॅसॅच्युसेट्समधलं केप कॉड आणि प्लिमथ, किंवा न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे हटल्या तेव्हा बर्फाचे प्रचंड तुकडे वाळू-गोट्यांत पुरले गेले. ते वितळले आणि राहिलेल्या खड्ड्यांची तळी झाली. यांतल्या बऱ्याच तळ्यांना ना ओढा येऊन मिळत, ना ओढा बाहेर पडत. तळं म्हणजे वाळूला पडलेली खिडकी, तिच्यातून जमिनीखालचं पाणी दिसतं. ते पाणी ऋतूप्रमाणे वरखाली होतंच, पण वर्षावर्षांतही फरक पडतो. सलग दोन-चार ओली वर्षं आली की काठ बुडालेलाच राहतो, कोरडं वर्ष आलं की मोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर प्लिमथ जेन्शन नावाची गुलाबी, मधोमध पिवळी फुलं उमलतात. शास्त्रीय नाव सॅबेशिया केनेडियाना. जगात फार थोड्या ठिकाणी उरलेलं झाड आहे ते. त्याच्या सोबतीला गुलाबी कोरिऑप्सिस असतो, आणि खाली पाण्याच्या कडेला कोण असावं? गेंद, दवबिंदू आणि युट्रिक्युलेरिया. प्रजाती आपल्याहून निराळ्या, पण वंश तेच. माणसं वेगळी, आडनावं तीच, असं मुलांना सांगा.

कॅनडात पॉल केडी आणि अँटन रेझ्निचेक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओंटारियोतल्या मॅचडॅश तळ्याच्या काठाची माती घेऊन तिच्यातून काय उगवतं ते तपासलं आणि १९८२ साली ते प्रसिद्ध केलं. काठावरच्या या बुटक्या वनस्पतींचं बी मातीत भरपूर निघालं. म्हणजे पाणी वर असतानाच्या वर्षांत ही झाडं नाहीशी झालेली नसतात, ती वाट बघत असतात. हाच प्रयोग तुमची नववी शाळेच्या व्हरांड्यात करू शकते. कसा ते पुढे सांगतो.

युरोपातल्या अशा तळ्यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, म्हणून थोडा रेंगाळतो. तिथल्या मऊ, निवळशंख पाण्याच्या तळ्यांत वाळूवर पानांचे छोटे चक्रासारखे झुबके वाढतात. लिटोरेला, लोबेलिया डॉर्टमाना आणि आइसोइटिस ही त्यांतली मुख्य तीन. त्या पाण्यात खनिजं तर नसतातच, पण कार्बन डायऑक्साइडही फार कमी असतो. मग ही झाडं तो मुळांवाटे वाळूतून घेतात. उलट दिशेने, पानांत तयार झालेला प्राणवायू मुळांवाटे वाळूत सोडतात. त्या प्राणवायूमुळे वाळूतलं लोह गंजलेल्या रूपात राहतं, आणि गंजलेलं लोह स्फुरद घट्ट धरून ठेवतं, पाण्यात सुटू देत नाही. म्हणजे झाड स्वतःच्या पाण्याची गरिबी स्वतःच राखतं! पाणी स्वच्छ राहतं, शैवाल माजत नाही, उजेड तळापर्यंत पोचतो आणि झाड जगतं. आता या साखळीत शेणखत किंवा सांडपाणी घाला. कुजणाऱ्या पदार्थाने वाळूतला प्राणवायू संपतो, लोहाची पकड सुटते, धरून ठेवलेला स्फुरद पाण्यात येतो, पाणी हिरवं होतं, उजेड तुटतो. एकदा हे चक्र उलटं फिरलं की आपोआप सुलटं होत नाही.

आइसोइटिस आपल्याकडेही आहे. पाचगणीच्या टेबललँडवरच्या पावसाळी डबक्यांतली एक प्रजाती पाचगणीच्याच नावाने ओळखली जाते. गवताच्या बुंध्यासारखी दिसते, त्यामुळे पर्यटक तिच्यावरूनच चालत जातात.

युरोपीय संघाने १९९२ च्या अधिवास निर्देशात वाळूच्या सपाटीवरच्या या निष्कस पाण्यांना स्वतंत्र क्रमांक देऊन संरक्षण दिलं. तोपर्यंत नेदरलँड्समधली अशी बरीचशी तळी आम्लवर्षाव आणि गोठ्यांतून हवेत जाणाऱ्या अमोनियामुळे बिघडली होती. ती दुरुस्त करायला काय करावं लागलं? तळातला काळा गाळ आणि काठावरची सुपीक झालेली वरची माती यंत्रांनी खरवडून बाहेर नेऊन टाकावी लागली, खालची मूळ वाळू उघडी पडेपर्यंत. आणि मग काही ठिकाणी कित्येक वर्षं न दिसलेला लिटोरेला जुन्या बियांतून परत उगवला. बाई, विचार करा. तिथे लोक जी माती खर्च करून उचलून नेतात, ती तुमच्याकडे भेट म्हणून येते आहे.

नत्र एक वेळ निघून जातं. पाण्यातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात, पाऊसही धुऊन नेतो. स्फुरदाचं तसं नाही. तो गाळात बसला की वर्षानुवर्षं बसतो आणि थोडाथोडा सुटत राहतो. पवई तलावाचं उदाहरण मुलांना माहीत असेल. १८९१ च्या सुमाराला पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, पण सांडपाणी शिरत राहिलं, पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि आता दर वर्षी जलपर्णी काढणं हेच काम होऊन बसलं. त्याच डोंगररांगेतले विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानात राहिले म्हणून त्यांचं पाणी आजही मुंबईला येतं. यांतला एकही तलाव वाळूचा नाही, पण पोसवलेल्या पाण्याचं काय होतं ते समजायला पवई पुरे.

सुरूबद्दल वेगळं लिहितो, कारण किनाऱ्यावर सुरू लावणं ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट समजली जाते. सुरूच्या मुळांवर हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू राहतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तसंच. त्यामुळे ही झाडं निष्कस वाळूत झपाट्याने वाढतात आणि वाळूला नत्र देतात. शिवाय सुयांचा जाड थर साचतो, त्याखाली गेंदाचं बी रुजत नाही. तळ्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूला लावायची तर लावा. काठावर नको. कर्दळ आणि वाळा वाईट झाडं नाहीत, पण कर्दळीला खत लागतं आणि वाळा उंच, दाट वाढून सावली धरतो. इथे दोन्हींची जागा नाही.

दगडी काठाविषयी मी जरा तळमळीने बोलणार आहे. वीसेक वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातल्या एका तळ्याचं सुशोभीकरण झालं. त्या तळ्याच्या एका बाजूला मुरमाड, उतरता काठ होता आणि मी दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायचो. काम करणाऱ्यांना मी नकाशा काढून दिला होता, एवढी एक बाजू सोडा म्हणून विनवलं होतं. सोडली नाही. चारही बाजूंनी भिंत आली, वर फरशी, फरशीवर बाकं. पाणी आजही आहे, पण काठ नाही. त्याचं गणित साधं आहे. वीस मीटरला एक मीटर असा मंद उतार असेल तर पाणी एक मीटर उतरल्यावर वीस मीटर रुंद पट्टा उघडा पडतो. दोन मीटरला एक मीटर असा तीव्र उतार केला तर दोनच मीटर. उभी भिंत बांधली तर शून्य. मुलं पाण्यात पडतील ही काळजी असेल तर उलट मंद उतारच सुरक्षित, भिंतीवरून घसरलेलं मूल एकदम खोल पाण्यात जातं. कुंपण घालायचंच असेल तर पावसाळी पाण्याच्या सर्वांत वरच्या रेषेच्या बाहेर, लाकडी खांबांचं.

पालक डासांबद्दल विचारतीलच. डेंग्यूचा एडिस डास घराजवळच्या टायर, पिंप, कुंड्यांच्या ताटल्यांत वाढतो. शहरातल्या मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामांवर साठलेल्या पाण्यात. म्हणून शाळेची टाकी आणि पिंपं आधी झाकून घ्या. तळ्यातल्या अळ्यांवर चतुरांची पिल्लं आणि पाणकिडे जगतात. गप्पी मासे सोडू नका. ते बाहेरून आणलेले आहेत, अळ्यांसोबत बाकीचे बारीक जलचरही खातात.

एक धोका तुमच्या पत्रात नव्हता, पण मला तो मातीच्या ट्रकएवढाच मोठा वाटतो: बोअर आणि पाण्याचे टँकर. समुद्रालगतच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी तोललेलं असतं. उलट बाजूने वाचलं तर वरची पातळी थोडी उतरली तरी खारं पाणी कितीतरी वर सरकतं. केप कॉडच्या तळ्यांनाही विहिरींच्या उपशाची हीच भीती आहे, पाणी खाली गेलं की काठ वेळेआधी कोरडा पडतो. तळ्याच्या आसपास नवी बोअर होत असेल तर ग्रामस्थांशी बोला. वाडीवाल्यांना हे मी सांगायला नको, विहीर मचूळ होणं काय असतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आता करायचं काय ते. बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारून तो तळ्यात रोवा, दर सोमवारी मुलांनी पाण्याची उंची वहीत लिहावी. कुंपणापासून पाण्यापर्यंत एक दोरी ताणा आणि ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी असं चार वेळा, दोरीलगत दर दोन मीटरवर अर्ध्या मीटरची चौकट ठेवून आत काय उगवलंय ते नोंदवा. नाव माहीत नसलं तरी चालेल, चित्र काढा, फोटो घ्या. अडलेल्या झाडांची ओळख पटवायला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाची, मदत मागा, आणि तेवढ्यापुरता एखादा नमुना दाबून न्या, जास्त उपटू नका.

बियांचा प्रयोग मे महिन्यात. काठाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्टीतून वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू घ्या, प्रत्येक पट्टीची एक-एक ओंजळ. प्रत्येकीचे दोन भाग करा. एक भाग ट्रेमध्ये ओला ठेवा, दुसरा दोन बोटं पाण्याखाली. दोन्ही उजेडात. कशातून काय उगवतं आणि बुडालेल्या ट्रेमध्ये काय उगवत नाही, हे जुलैपर्यंत मुलांच्या डोळ्यांसमोर येईल.

आडोशाच्या कोपऱ्यातला रामबाण दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या पातळीखालून कापा. कापलेला तिथेच टाकू नका आणि जाळूही नका, राखेतून स्फुरद परत वाळूत जातो. तो काठापासून दूर नेला की तेवढी सुपीकता तळ्याबाहेर गेली. गणपती-गौरीचं निर्माल्य आणि साबणाचं पाणी तळ्यात येऊ देऊ नका. म्हशी बसत असतील तर त्यांना गाळाचा कोपरा द्या, वाळूचा काठ सोडा. शेळ्या मात्र थोडा वेळ चरल्या तर हरकत नाही, उंच गवत आटोक्यात राहतं.

मंडळाचं मन मोडू नका, त्यांचा हेतू चांगला आहे. शेणखत आणि लाल माती शाळेच्या पुढच्या अंगणात, तळ्याकडे उतार नसलेल्या बाजूला उतरवून घ्या आणि मुलांना तिथे भाजीचे वाफे करू द्या. भिंतीच्या पैशांतून एक फळी-पूल आणि वीस भिंगं मागा. ट्रक शनिवारी यायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर आजच फोन करा. ड्रायव्हरला उतरवायची जागा कुणी दाखवली नाही तर तो सवयीने मोकळ्या जागी, म्हणजे काठावरच ढीग घालेल.